कंपायलर फार पळतोय

तक्रार मिटली. आमच्या कंपनीच्या दप्तरी तशी नोंद आहे : ‘कंपायलर गरजेपेक्षा जास्त वेगाने चालतो. दुरुस्त केले. ग्राहक समाधानी.’ खाली माझी सही आहे.

आता हे वाचलंच नाही असं समजा. तक्रार मिटलेली नाही, मी सोलापूर पाहिलेलं नाही, मंगळवारची सकाळ आहे आणि फोन वाजतोय.

“हॅलो! कंपनी का?”

कान आणि फोन यांच्यात वीतभर अंतर ठेवूनही आवाज नीट ऐकू येत होता. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता, तिथंही पोचला असावा, कारण ड्रिल थांबलं.

“हो काका, बोला.”

“मल्लेशम गाजुल बोलतोय. सोलापूर. तुमचा नवीन कंपायलर टाकलाय की इथं.”

“काही अडचण?”

“फार पळलालाय.”

“म्हणजे बंद पडतोय?”

“बंद कशाला पडतोय? पळलालाय म्हणतोय की! आधी कसा सावकाश चालायचा. आता बटण दाबलं की झालं. हे काय बरोबर हाय का?”

मी त्यांचे आभार मानले.

“आभार काय मानतोस बे? तक्रार हाय ही. लिहून घे.”

मी लिहून घेतली. तेव्हा मी कंपनीत सगळ्यात नवा होतो आणि नव्या माणसाला फोनवर बसवायची आमच्याकडे पद्धत होती, म्हणजे जुन्यांना काम करता येई.

कंपनी काय करायची ते सांगायला हवं, कारण माझ्या आईलाही ते कधी कळलं नाही. ती शेजारपाजारी ‘तो चादरींच्या कॉम्प्युटरमध्ये आहे’ असं सांगायची. हे तसं बरोबर होतं. सोलापुरात मागावर चादरी विणतात. चादरीवर नक्षी असते. ती नक्षी कारागीर कॉम्प्युटरवर ‘ताणा’ नावाच्या आमच्या भाषेत लिहायचा : मधोमध मोर घे, चारी कोपऱ्यांत कुयरी घे, कडेनं वेल फिरव. आमचा कंपायलर हे वाचून मागाला समजेल अशा हुकमांत उतरवायचा : हा धागा वर, तो धागा खाली. मोर, कुयरी, वेल हे आयते मिळत. ते जिथं साठवलेले होते त्या लायब्ररीचं नाव ‘नक्षीघर’. भाषा, कंपायलर आणि नक्षीघर तिन्ही नीलांबरी शेवडे मॅडमनी तरुणपणी एकटीनं लिहिलं होतं. मग कंपनी काढली, आणि आम्ही सगळे मिळून त्यात चुका शोधू लागलो.

नवी आवृत्ती काढताना मॅडमनी एकच अट घातली होती. “जुनं डिझाइन नव्यात घातलं तर तीच चादर निघाली पाहिजे. काही बदललंय हे धाग्यालासुद्धा कळता कामा नये.”

ही अट किती खरी आहे ते मला मोरानं शिकवलं. नक्षीघरातल्या मोराला एकच पाय होता. मॅडमची पहिल्या दिवसांतली चूक. मी उत्साहात त्याला दुसरा पाय दिला आणि चाचणीसाठी एका कारखान्याकडे प्रत पाठवली. आठवडाभरात मालकाचा रडकुंडीचा फोन. व्यापाऱ्यानं गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले होते. म्हणाला, दोन पायांचा मोर? हा डुप्लिकेट माल आहे.

मॅडमनी मला आत बोलावलं.

“पाय काढ.”

“मॅडम, पण मोराला दोन पाय असतात.”

“जंगलात. नक्षीघरात एक.”

मी पाय कापला. आपल्या हातून असं काही होईल असं कॉलेजात वाटलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही सापडेल तेवढी जुनी डिझाइनं गोळा केली, जुन्या आणि नव्या दोन्ही कंपायलरांतून काढली आणि धागा न् धागा ताडून पाहिला. एकही फरक निघाला नाही. चुकासुद्धा जशाच्या तशा उतरल्या. मग पेढे वाटले. आणि मग गाजुलांचा फोन आला.

माझ्या शेजारी बसणारा तांबोळी ही तक्रार वाचून इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. “सांग त्यांना, वेगाचे जादा पैसे नाहीत म्हणावं.”

मॅडम हसल्या नाहीत. “जुनं गिऱ्हाईक तक्रार खरी करतं, पण कारण खोटं सांगतं. पुष्कर, तू सोलापूरला जा. कारण घेऊन ये.”

“आणि कारण नसलंच तर?”

“तर चादर घेऊन ये. डबलबेडची.”

गाजुलांचा कारखाना अक्कलकोट रोडला होता. आत पाऊल टाकलं आणि मला माझाच विचार ऐकू येईना. मागांचा तो आवाज नव्हताच, ते हवामान होतं. पत्र्याच्या छपराखाली ओळीनं माग, प्रत्येकाशी एक माणूस, आणि एकही माणूस तोंड उघडत नव्हता. सगळं बोलणं हातांनी. दोन बोटं कात्रीसारखी केली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा. डोक्यावरून तळवा फिरवला की मालक आला. गाजुलांनी मला दारातून आत घेतलं आणि शेडकडे बघून हातानं काहीतरी लांबलचक केलं. सगळी शेड हसली. नंतर त्यांच्या मुलानं, वेणूनं, मला अर्थ सांगितला : कंपनीचा माणूस आहे, लग्न झालेलं नाही.

कॉम्प्युटर एका कोपऱ्यात काचेच्या खोलीत होता. काच नावाला. तिथंही ओरडूनच बोलावं लागे, फक्त शिरा कमी ताणाव्या लागत.

“बघा सर!” वेणू म्हणाला. तिशीतला, गोरटेला, कपाळाला गंध. त्यानं बटण दाबलं. ‘झालं’ असं पडद्यावर आलं. “बघितलंत? आधी याच डिझाइनला अर्धा जन्म जायचा. तुमच्या मॅडमना माझा नमस्कार सांगा.”

“बघितलंस?” गाजुल माझ्याकडे वळून म्हणाले. “ह्याला काय काम म्हणायचं का?”

मग मला सगळी हकिगत कळली. जुना कॉम्प्युटर अशक्त होता. मागांना हुकूम द्यायचं कामही तोच करायचा आणि कंपायलरही तोच चालवायचा. एका वेळी दोन्ही त्याला झेपत नसे, म्हणून कंपायलर चालू असेपर्यंत सगळे माग थांबायचे. आमच्या नव्या आवृत्तीबरोबर वेणूनं नवा कॉम्प्युटर घेतला, जुना भंगारात घातला. आता माग थांबतच नव्हते.

“मग काका, हे चांगलंच की!”

“मोटरी तापतात.”

“नाना, मोटरी बाराही महिने चालतात,” वेणू म्हणाला.

“धागा खुळा होतोय.”

“कुठला धागा?”

“सगळाच.” गाजुलांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. “आता असं बघ. देवाला नैवेद्य दाखवला की आपण ताट लगेच ओढतो का? थांबतो का नाही जरा? मग डिझाइनला नको का तेवढं?”

नैवेद्याची सोय आमच्या कुठल्याच आवृत्तीत नव्हती.

ते माझ्याशी बोलत तेव्हा सारखे माझ्या तोंडाकडे बघत. मला वाटलं, दातात पोह्यातली कोथिंबीर अडकली असावी. मी दोनदा जीभ फिरवून पाहिली.

“काका, माग थांबवायचेच असतील तर मेन स्विच आहे की. दाबायचा.”

“मालकानं हातानं माग बंद केले की कामगार म्हणतात, विकला कारखाना. त्यांची मजुरी विणलेल्या मीटरवर हाय बे, मी कुठल्या तोंडानं थांबवू? कंपायलरनं थांबवले तर कोण कोणाला विचारत नाही.”

“बरं, किती सावकाश पाहिजे?”

यावर मात्र ते एकदम नेमके झाले. खोटी कारणं शोधताना चाचपडणारा माणूस इथं अडखळला नाही.

“चहा सांगायचा. तो यायचा. प्यायचा. कप परत जायचे. एवढं.”

वेणूनं मला रिक्षापर्यंत सोडलं. बाहेर रस्त्यावर ट्रक वाजत होते, तरी शांत वाटत होतं. “नानांचं मनावर घेऊ नका सर. आई गेल्यापासून असंच आहे. घरी तर बोलतच नाहीत. मी जातो वरच्या मजल्यावर, ते खाली टीव्ही लावून बसतात, तोही एवढा मोठा की आमच्या ताटल्या हलतात. आता तुमच्यामागं लागलेत, तेवढाच त्यांना उद्योग.”

मी कारण न घेता परत आलो. चादर आणली. मॅडमना दिलेल्या अहवालात कारणाच्या जागी मी ‘नैवेद्य’ असं लिहिलं होतं.

बैठक झाली. आजवर मी बसलेल्या सगळ्या बैठकांत ती सगळ्यात गंभीर होती. तांबोळी म्हणाला, कापड तेच निघतंय, म्हणजे जुनं काही मोडलेलं नाही, तक्रार फेटाळा. मी म्हणालो, मोठी गोष्ट नाही, एक ओळ घालून वाट बघायला लावतो आणि आजच गाजुलांना प्रत पाठवतो.

“एकट्यासाठी वेगळी प्रत निघणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “उद्या ती बिघडली तर तिला आई ना बाप. मागे दिल्या होत्या तशा, त्यांची श्राद्धं मी अजून घालतेय.”

“मग फेटाळायची?”

मॅडम नवी चादर उलगडून मोराचा एक पाय बघत होत्या. “आपण धागा न् धागा ताडला. वेळ ताडला का?”

“वेळ कापडात दिसत नाही मॅडम,” तांबोळी म्हणाला.

“त्या माणसाला दिसतोय ना? मग मोडलं. एखाद्याचा ज्याच्यावर भरवसा होता ते आपण बदललं, तर ते आपण मोडलं. आपण चूक म्हणून धरलं होतं की वैशिष्ट्य म्हणून, याच्याशी त्याला काय करायचंय?” त्यांनी चादर घडी केली. “चालू-बंद करायची रीतसर कळ द्या. पुढच्या आवृत्तीत. सगळ्यांना.”

पुढची आवृत्ती दिवाळीनंतर होती. मॅडमचं बरोबर होतं. आजही कोणी मला तीच परिस्थिती आणून दिली तर मी हेच म्हणेन, आणि म्हणून तर पंचाईत आहे.

कळीला ‘सावकाश’ नाव दिलं. ती चालू असली की कंपायलरनं जुन्यासारखा वेळ घ्यायचा आणि तोवर माग थांबवून ठेवायचे. सोपं वाटतं. पण जुना कंपायलर मोराला वेगळा रेंगाळायचा, कुयरीला वेगळा. वेलीवर तर अडकून बसायचा. मॅडमचं म्हणणं, करायचं तर तसंच करा. तेव्हा आम्ही जुना कॉम्प्युटर कुठून तरी पैदा केला, त्याच्यासमोर स्टॉपवॉच घेऊन बसलो आणि आळसाची मापं घेतली. माझं पहिलं सावकाश फार चपळ निघालं. तांबोळीनं ते नापास केलं. काम मुदतीत बसावं म्हणून आम्ही रविवारीही येऊन घाईघाईनं रेंगाळणं लिहीत होतो.

दर मंगळवारी गाजुलांचा फोन यायचा.

“झालं का बे सावकाश?”

“करतोय काका. अगदी घाईनं करतोय.”

“घाई कर.”

सुरुवातीला ते असं दोन-चार वाक्यं बोलायचे. माझ्या लग्नाचं विचारायचे. एकदा म्हणाले, “आमच्यात एक मुलगी हाय, पण तिला चांगला माणूस पाहिजे.” मग फोन छोटे होत गेले. नवरात्राच्या सुमाराला तर ते फोन उचलला की “झालं का सावकाश?” एवढंच विचारायचे आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवून द्यायचे. मला वाटलं, रागावलेत. मी तांबोळीला म्हणालोसुद्धा, गिऱ्हाईक आता प्रश्न विचारतं पण उत्तराची अपेक्षा ठेवत नाही, म्हणजे ते खऱ्या अर्थानं आपलं झालं.

दिवाळी झाली. आवृत्ती निघाली. पहिली प्रत स्वतः नेऊन बसवायची म्हणून मॅडमनी मला पाठवलं. मी लाडू घेऊन गेलो.

गाजुल काचेच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. मला बघून हसले, शेजारच्या स्टुलाकडे हात केला. वेणू थोडा घुश्शात होता. “सर, आमचा वेग काढून घ्यायला एवढ्या लांबून आलात? आणि वर लाडू?”

“कळ आहे. नको असेल तेव्हा बंद करा.”

“नानांच्या हातात दिल्यावर ती बंद कोण करतंय!”

मी प्रत बसवली, ‘सावकाश’ चालू केलं. वेणूनं एक मोराचं डिझाइन उघडलं आणि बटण दाबलं.

माग थांबले. एकदम नाही, ओळीनं, दारापासून आमच्यापर्यंत, कोणीतरी शेडवरून पांघरूण ओढत आणावं तसे. शेवटच्या मागाचा धोटा आपटून गप्प झाला आणि मग छपरावरची कबुतरं ऐकू आली. एका कामगारानं खिशातून फोन काढून बायकोला विचारलं, पोराचा ताप उतरला का. दुसरा नुसताच जोरात शिंकला आणि स्वतःची शिंक ऐकून खूश झाला. बाहेर किटलीचं झाकण वाजत होतं.

वेणू स्टुलावर टेकला. त्याला करायला काही नव्हतं. थोडा वेळ त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग नखांकडे, आणि मग कोणी न विचारता बोलायला लागला.

“नाना, काल आमटीत मीठ नव्हतं, तुम्ही बोलला नाहीत. तुमच्या सुनेनं दोनदा विचारलं. आणि छोटीचं ऐकलंत का? शाळेत बाईंनी विचारलं, आजोबा काय करतात. ही म्हणाली, आजोबा टीव्ही बघतात. मी म्हणालो, अगं त्यांनी कारखाना उभा केलाय. तर म्हणते, कधी? मी तर नाही बघितलं…”

तो बोलत राहिला. एरवी पडद्याकडे आणि मागांकडे बघून वाक्यं तोडून टाकणारा माणूस, पण आता त्याचा आवाज सैल सुटला होता. खालच्या पट्टीतला, जरासा घोगरा. तोवर मी त्याचं फक्त ओरडणंच ऐकलं होतं. गाजुल त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होते आणि हसत होते. छोटीचं झालं तेव्हा हसले. मग वेणू कुठल्याशा मावशीच्या ऑपरेशनचं सांगायला लागला, तेव्हाही हसले.

वेणू थांबला.

“नाना?”

गाजुल हसतच होते.

“नाना, ऐकू येतंय ना?”

गाजुलांनी उजवा हात कानापाशी नेला आणि मूठ पुढं-मागं, पुढं-मागं केली. खूण मलाही कळली. माग चालू आहे.

“बंद आहेत नाना. सगळे बंद आहेत.”

“थांबलेत ते दिसतंय की मला,” गाजुल म्हणाले. एवढ्या शांततेत त्यांचा आवाज शेडच्या टोकापर्यंत गेला आणि फोनवरचा कामगार वळून बघायला लागला. “इथले, कानातले, थांबत नाहीत. दसऱ्यापासून. डॉक्टर उन्हाळ्यातच म्हणाला होता, सहा महिने बघा, मग काय ऐकायचं राहिलंय ते ऐकून घ्या. मशीन पण लावून बघितलं त्याच्याकडं. त्याच्यातून पण मागच ऐकू येतात, जास्त मोठे.”

वेणू स्टुलावरून अर्धवट उठला.

“ह्याला बस, बोल, मला ऐकायचंय असं सांगितलं असतं तर बोलला असता का हा?” ते मला विचारत होते, म्हणजे माझ्या तोंडाला. “सांगून कोण बोलतं? रिकामा बसला की बोलायचा. माग थांबले की आपोआप सुरू. मीठ, भाजी, पोरीची शाळा, कायपण. म्हणून तुला म्हणत होतो बे, जरा घाई कर.” मग त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. “पण चांगलं केलंस. अगदी जुन्यासारखं झालंय.”

“मला का नाही सांगितलंत?” वेणू म्हणाला.

गाजुलांनी मान पुढं केली. ओठ फार भराभर हलले असावेत. वेणूनं पुन्हा म्हटलं, ओरडून. मग तो उभा राहिला आणि त्यानं हात वर उचलले. तीस वर्षं मागांमध्ये वाढलेला माणूस. त्याचे हात बोलायला कधी अडत नसत. ते तसेच हवेत राहिले. मागावरच्या खुणांत धागा तुटला आहे, चहा आहे, मालक आला आहे. माझ्या लग्नाचंसुद्धा सांगता येतं. पण ‘मला का नाही सांगितलंत’ याला खूण नाही. कोणाला कधी लागलीच नव्हती.

शेवटी वेणूनं अंगठा ओठाला लावला.

गाजुलांनी मान डोलावली. चहा आला. आम्ही तिघं प्यायलो. वेणू स्टूल ओढून त्यांच्या अगदी समोर बसला आणि मावशीचं ऑपरेशन पहिल्यापासून सांगायला लागला, एकेक शब्द ओठांवर ठेवून, फार सावकाश. कप परत गेले. पडद्यावर ‘झालं’ आलं आणि दारापासून एकेक माग सुरू होत आला. वेणूचं सांगणं अर्ध्यावर होतं. त्याचा आवाज बुडाला, तरी तो थांबला नाही.

तरी खाली सही करणाऱ्याकडून संबंधितांस विनंती करण्यात येते की, श्री. मल्लेशम गाजुल, राहणार सोलापूर, यांच्या कानात चालू असलेले माग रोज एक चहा होईपर्यंत बंद ठेवण्याची व्यवस्था व्हावी. त्यासाठी लागणारी शांतता त्याच वर्षीच्या उन्हाळ्यापूर्वीच्या साठ्यातून काढून, कोणताही फरक न करता, पूर्ववत बसवून मिळावी. आणि सदर काम पुढील आवृत्तीपर्यंत लांबवू नये.